धनुष्यात स्क्रू तुटला तर: भोक वाचवून तो कसा काढायचा आणि गेलेले आटे कसे परत आणायचे

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. त्यामुळे धातूच्या, कप्प्या बसवलेल्या या धनुष्याकडे आता पालकांचंही लक्ष गेलं आहे. चांगलं धनुष्य लाखाच्या वर जातं आणि बहुतेक वेळा परदेशातून मागवावं लागतं.

अशा धनुष्यात दहा-वीस रुपयांचा एक स्क्रू तुटून आत अडकतो. घाईत ते जवळच्या गॅरेजमध्ये जातं, तिथे हाताला येईल त्या ड्रिलने भोक मोठं केलं जातं, बाजारात मिळणारा एम-५ स्क्रू दाबून बसवला जातो, आणि नेम धरायची साइट पुन्हा कधीच सरळ बसत नाही. तुटलेला स्क्रू टाकूनच द्यायचा असतो, जपायचं असतं ते भोक. पुढची प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीला धरून आहे. (बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळणाऱ्या मुलांना ही अडचण येत नाही. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, कप्प्या नसलेलं धनुष्य) आणि कंपाउंडवाल्यांना कधी ना कधी येतेच.)

## स्क्रू कुठे असतात आणि आटे म्हणजे काय

धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग म्हणजे रायझर. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, काही कार्बनचे किंवा लाकडाचेही असतात. नेम धरायची साइट, बाण टेकवायचा रेस्ट, समोर लांब दांडा असलेला स्टॅबिलायझर, बाणाला बाजूने आधार देणारा प्लंजर, दोरी पुरेशी ओढली की टिक असा आवाज करणारा रिकर्व्हवरचा क्लिकर हे सगळं रायझरच्या भोकांमध्ये स्क्रूने बसतं.

स्क्रूच्या अंगावरच्या आणि भोकाच्या आतल्या सर्पिल खाचा म्हणजे आटे. डोंगराला वळसे घालत चढणारा घाटरस्ता डोळ्यांपुढे आणा. एक पूर्ण वळसा झाला की गाडी जितकी वर येते, तितकं अंतर म्हणजे आट्यांचा पिच. स्क्रू एक फेरा फिरला की एका पिचइतका आत जातो. स्क्रूचा आणि भोकाचा पिच वेगळा असेल तर दोन रस्ते एकमेकांना कापतात, आणि त्यात मऊ धातूचा रस्ता तुटतो. इथे मऊ धातू म्हणजे रायझरचं ॲल्युमिनियम.

## भारतातल्या दुकानातला स्क्रू का बसत नाही

तिरंदाजीच्या सामानाचं मोजमाप अमेरिकेतून आलं, म्हणून ते इंचात आहे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो माल मिलिमीटरमधला. दोन्हींचे आकडे इतके जवळ आहेत की फसायला होतं.

साइटच्या आणि पुष्कळशा इतर जोडणीच्या भोकांचे आटे १०-२४ असतात. यातले १० हे व्यासाचं नाव आहे (४.८३ मिमी) आणि २४ म्हणजे एका इंचात चोवीस आटे, म्हणजे १.०६ मिमी पिच. एम-५ स्क्रू ५ मिमी जाड आणि ०.८ मिमी पिचचा. तो १०-२४ च्या भोकात फेरा-दीड फेरा जातो आणि अडकतो. त्यापुढे जोर लावला तर भोकातले आटे कापले जातात.

स्टॅबिलायझर आणि प्लंजरची भोकं ५/१६-२४ ची, म्हणजे ७.९४ मिमी व्यास आणि पुन्हा १.०६ मिमी पिच. इथे खरा धोका बारीक आट्यांच्या एम-८ चा आहे. त्याचा पिच १ मिमी, व्यास ८ मिमी. दोन पिचमधला फरक फेऱ्यामागे फक्त ०.०६ मिमी, त्यामुळे सुरुवातीचे फेरे छान जातात आणि हाताला वाटतं की माप जुळलं. पाच फेऱ्यांत तो फरक ०.३ मिमीवर पोहोचतो आणि स्क्रू जाम होतो. बाणाच्या टोकांचे आटे ८-३२ चे असतात (४.१७ मिमी, पिच ०.७९). एम-४ त्यात चालत नाही. क्लिकरचा आणि लिंबच्या (रायझरच्या वर-खाली बसणाऱ्या, वाकणाऱ्या पात्यांच्या) बोल्टचा स्क्रू कंपनीगणिक बदलतो, म्हणून तो पिच गेज (आट्यांना लावून पिच ओळखायची दातेरी पट्टी) लावून मोजायचाच.

ॲलन कीचंही असंच आहे. १०-२४ च्या उंच गोल डोक्याच्या स्क्रूला ५/३२ इंचाची की लागते, म्हणजे ३.९७ मिमी. तिथे ४ मिमीची की बऱ्यापैकी बसते. पण त्याच मापाच्या घुमटाकार डोक्याला १/८ इंच लागते, म्हणजे ३.१८ मिमी. तिथे ३ मिमीची की सैल फिरते आणि षट्कोनाचे कोपरे खाऊन टाकते. डोकं गोल झालेले कितीतरी स्क्रू या एका कारणाने अडकलेले असतात. इंचातल्या ॲलन कीचा एक संच किटमध्ये हवाच.

## तो तुटला कसा, हे आधी ओळखा

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं. स्क्रू कसा तुटला यावरून तो आत किती घट्ट आहे हे कळतं आणि पुढची पद्धत ठरते.

थकून तुटलेला स्क्रू. प्रत्येक बाण सुटताना रायझर हादरतो. स्क्रू जरा सैल असेल तर प्रत्येक हादऱ्याला तो वाकतो आणि सरळ होतो, बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस तुकडा पडतो. भिंग लावून पाहिलं तर तुटलेल्या पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत, थोडा काळपट दिसतो आणि उरलेला भाग खरखरीत. असा तुकडा भोकात बहुतेक वेळा मोकळाच असतो, कारण त्याला ताणून धरणारं डोकं गेलेलं असतं. स्टॅबिलायझरचा दांडा नेमका असाच तुटतो. लांब रॉडचा सगळा भार भोकाच्या तोंडाशी येतो, आणि आत गुंतलेल्या आट्यांपैकी पहिला एकटाच जवळपास एक तृतीयांश भार उचलतो, म्हणून तुटायची जागाही ठरलेली.

आवळताना तुटलेला स्क्रू. याच्या पृष्ठभागावर गोल पिळल्याच्या रेषा दिसतात. स्क्रू भोकाच्या तळाला टेकलेला असेल किंवा तिरका शिरला असेल. तळाला टेकून तुटला असेल तर पाव फेरा उलटा फिरला की सैल होतो. तिरका शिरला असेल तर त्याने आटे आधीच कापलेले असतात, आणि बाहेर येताना तो आणखी थोडे घेऊन येणार हे गृहीत धरा.

सोडवताना तुटलेला स्क्रू. हा सगळ्यात अवघड. सोडवण्याच्या जोरानेच तो तुटला, म्हणजे आत काहीतरी धरून बसलेलं आहे. एक शक्यता थ्रेडलॉकरची, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या चिकट द्रवाची. दुसरी शक्यता गंजाची. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या भोकात असताना खारं पाणी किंवा घाम मध्ये गेला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते आणि ती फुगून आटे गच्च भरते. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत आणि पावसाळ्यात भिजलेलं धनुष्य तसंच बॅगेत ठेवल्यावर हे फार लवकर होतं.

## हत्यार उचलण्याआधी

धनुष्यावरचा ताण काढा. रिकर्व्हची दोरी उतरवा, लिंब काढून ठेवा, फक्त रायझर टेबलावर घ्या. कंपाउंडचं तसं नाही. त्याची दोरी ओढलेली नसली तरी लिंबमध्ये मोठा ताण साठलेला असतो, आणि तो बो-प्रेस नावाच्या यंत्रातच सुरक्षितपणे उतरवता येतो. साइटचा किंवा रेस्टचा मोकळा तुकडा हाताने काढायचा असेल तर प्रेस लागत नाही. ड्रिल चालवायचं असेल किंवा रायझर व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडयंत्रात) धरायचा असेल तर दोरी, केबल आणि कप्प्या उतरवलेल्याच हव्यात. धातूचा कीस कप्पीच्या बेअरिंगमध्ये किंवा दोरीच्या धाग्यांत गेला तर नुकसान स्क्रूच्या कितीतरी पट होतं.

लिंब रायझरला धरणारा बोल्ट तुटला किंवा त्याचे आटे गेले असतील, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ते धनुष्य ओढू नका, ताणलेलं असेल तर त्याच्या समोर उभे राहू नका, थेट प्रेस असलेल्या जाणकाराकडे न्या. तो जोड सुटला तर लिंब माणसाच्या अंगावर येतं.

भोक आरपार आहे की बंद, हे टॉर्च मारून पाहा. आरपार असेल आणि मागून वाट मोकळी असेल तर तुकडा उलटा काढायची गरजच नाही, आवळायच्या दिशेने फिरवत मागच्या बाजूने बाहेर पाडता येतो. बंद असेल तर शेजारच्या चांगल्या भोकाची खोली व्हर्नियरच्या मागच्या पट्टीने मोजून लिहून ठेवा. साइटची दोन भोकं १ पूर्णांक ५/१६ इंचावर, म्हणजे ३३.३ मिमी अंतरावर असतात आणि सहसा सारख्या खोलीची असतात.

## काढायचा क्रम: कमी इजेकडून जास्त इजेकडे

तुकडा बाहेर डोकावत असेल तर काम सोपं. लॉकिंग पक्कड (व्हाइस ग्रिप) लावून सावकाश उलटा फिरवा. पकड घसरत असेल तर बारीक कानशीने तुकड्याच्या दोन बाजू सपाट करा, मग पक्कड धरते. रायझरच्या पृष्ठभागावर आधी जाड टेपचे दोन थर लावा.

तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीत किंवा जरा आत असेल आणि थकून तुटलेला असेल, तर टोकदार स्क्राइबर (धातूवर रेघ ओढायची सुई) पुरेसा होतो. तुटलेल्या पृष्ठभागाच्या खरखरीत भागावर, मध्यापासून शक्य तितकं कडेला टोक टेकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ढकला. मोकळा असेल तर सुटतो. जरा अडत असेल तर बारीक सेंटर पंच त्याच दिशेने तिरका धरून हलके टोले द्या. एक मोठा टोला देण्यापेक्षा वीस हलके टोले बरे, कारण हादऱ्यानेच चिकटलेला थर सुटतो.

हेही जमलं नाही तर खाच पाडतात. छोट्या रोटरी हत्याराला पातळ कटिंग डिस्क लावून तुकड्यात सरळ खाच कापायची आणि चपट्या पेचकसाने फिरवायचं. अट एवढीच की तुकडा पृष्ठभागाच्या वर किंवा बरोबरीत हवा. आत गेलेल्या तुकड्यात डिस्कने खाच पाडायला गेलं की भोकाची कडही कापली जाते.

आता ड्रिलची पाळी. इथून पुढे भोकाला खरा धोका सुरू होतो. स्टेनलेस स्टील कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ. ड्रिलचं टोक कडेला जरा जरी सरकलं तरी ते मऊ बाजूला पळतं, स्क्रूच्या शेजारी ॲल्युमिनियममध्ये नवीन भोक पाडतं आणि स्क्रू तसाच राहतो. बिघडलेले रायझर मुख्यतः असे बिघडतात. म्हणून मध्य साधणं हेच अर्धं काम.

तुटलेला पृष्ठभाग उंचसखल असतो, तो आधी बारीक कार्बाइड बरने (रोटरी हत्याराला लावायच्या कठीण घासणीने) सपाट करा, मग मध्यावर पंच मारा. तुकडा दोन-तीन आटे आत असेल तर लेथवाल्याकडून एक साधन करून घ्या: नवा १०-२४ बोल्ट लेथवर धरून त्याच्या बरोबर मध्यातून २ मिमीचं आरपार भोक पाडायचं आणि डोकं कापून वर पेचकसाची खाच ठेवायची. हा पोकळ बोल्ट भोकाच्या वरच्या चांगल्या आट्यांत फिरवून तुकड्यावर टेकवला की ड्रिलला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. एवढा एक तुकडा केला तरी पुढची निम्मी काळजी संपते. रायझर काटकोनात धरला आहे का हे पाहण्यासाठी शेजारच्या चांगल्या भोकात लांब १०-२४ बोल्ट लावून ठेवा. ड्रिल त्याच्याशी समांतर दिसलं पाहिजे.

ड्रिल बिट कोबाल्टचं घ्या, आणि शक्यतो डाव्या हाताचं, म्हणजे उलट फिरताना कापणारं. ते जवळच्या दुकानात क्वचित मिळतं, ऑनलाइन मागवता येतं. त्याचा फायदा असा की कापताना ते स्क्रूला सोडवायच्या दिशेनेच ओढतं, आणि पुष्कळदा अर्ध्या वाटेत तुकडा आपोआप वर येतो. मशीन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवा, कटिंग ऑइलचा थेंब द्या आणि दाब ठाम ठेवा. हलक्या दाबाने बिट नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेसचा पृष्ठभाग तापून आणखी कठीण होतो आणि मग कापलाच जात नाही. आधी २ मिमी, मग २.५ मिमी.

## इझी-आऊटबद्दल जपून

कारागीर यानंतर लगेच इझी-आऊट काढतात. हे उलट्या आट्यांचं, निमुळतं, फार कठीण पोलादाचं हत्यार. भोकात ठोकून उलटं फिरवलं की ते स्क्रूला पकडून बाहेर काढतं. मोठ्या बोल्टला उत्तम. १०-२४ सारख्या बारीक स्क्रूला मात्र दोन अडचणी आहेत. २.५ मिमी भोक पाडल्यावर स्क्रूची भिंत जेमतेम मिलिमीटरभर उरते, आणि निमुळतं हत्यार आत शिरताना ती भिंत बाहेर फुगवतं. म्हणजे जो सोडवायचा तोच आणखी घट्ट होतो. आणि बारीक इझी-आऊट आतच तुटलं तर ते साध्या ड्रिलने कापलं जात नाही. म्हणून निमुळत्याऐवजी सरळ खाचांचं एक्स्ट्रॅक्टर वापरा, आणि हाताला ते पिळतंय असं जाणवलं की थांबा.

थांबल्यावर पुढचा मार्ग असा. भोक अचूक मध्यात असेल तर ते टप्प्याटप्प्याने ३.८ मिमीपर्यंत वाढवा. टॅप म्हणजे भोकात आटे कापणारं हत्यार, आणि हा १०-२४ च्या टॅपआधीच्या ड्रिलचा आकार आहे. या मापाला स्क्रूचं अंग संपतं आणि आट्यांच्या खाचेत फक्त स्टीलची बारीक गुंडाळी उरते. तिचं टोक स्क्राइबरने उचकटून चिमट्याने ओढून काढता येतं. मग १०-२४ चा टॅप हाताने फिरवून आटे साफ करायचे. ५/१६-२४ साठी हाच आकार ६.९ मिमी.

भोक मध्यात नसेल, किंवा आत इझी-आऊट तुटलं असेल, तर स्पार्क मशीनकडे जा. या यंत्रात तांब्याची कांडी तुकड्याला न टेकता त्याच्यावर विजेच्या ठिणग्या पाडते आणि धातू कणाकणाने झिजवते. तुकडा कितीही कठीण असला तरी चालतो आणि भोकावर जोर येत नाही. भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, कोल्हापूरजवळची शिरोली, संभाजीनगरचं वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये ही यंत्रं असतात. रायझर पूर्ण मोकळा करून द्यावा लागतो, कारण काम तेलात बुडवून चालतं. कार्बनचा रायझर यासाठी देऊ नका.

## गरम केलं तर? तेल टाकलं तर? तुरटी?

उष्णतेचा उपयोग होतो, पण कुठे आणि किती हे महत्त्वाचं. गरम केल्यावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं हे खरं, पण ४.८ मिमीच्या भोकाला ६० अंशांनी तापवलं तरी साध्या स्टीलच्या तुलनेत फरक पडतो साधारण तीन मायक्रॉनचा, आणि स्टेनलेसच्या तुलनेत दोनच्याही आत. तेवढ्याने स्क्रू सैल होत नाही. गंजाचा थर तडकतो आणि थ्रेडलॉकर मऊ पडतो, खरा फायदा हा. म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या तुकड्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. निळा थ्रेडलॉकर असा सुटतो. लाल प्रकाराला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तितका रायझर तापला तर ॲल्युमिनियमची ताकद कमी होते, म्हणून गॅसची ज्योत किंवा ब्लोटॉर्च रायझरवर कधीही नको. कार्बन आणि लाकडी रायझरवर उष्णता अजिबात नाही, आतला इपॉक्सी सुटतो.

गंजलेल्या स्क्रूला भेदक तेल, म्हणजे फटीत शिरणारं पातळ तेल, उपयोगी पडतं. एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलके टोले द्या. थ्रेडलॉकरवर मात्र त्याचा परिणाम नाही. ॲसिटोन मिसळलेलं घरगुती मिश्रण रायझरचा रंग उतरवतं. दोरीवर तर कुठलंच तेल पडू देऊ नका.

तुरटीच्या गरम द्रावणात पितळेतला स्टीलचा तुकडा विरघळवायची घड्याळजींची युक्ती अस्सल आहे. धनुष्याला ती लागू पडत नाही. तुकडा स्टेनलेसचा असेल तर तुरटीला दाद देत नाही, आणि रायझर द्रावणात ठेवला तर त्यात बसवलेले स्टीलचे बुशही (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) झिजायला लागतील.

तुकड्यावर नट वेल्ड करून फिरवणं लोखंडी इंजिनावर चालतं. रायझरच्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डिंगच्या आचेने जवळपास निम्म्यावर येऊ शकते. नको.

## आटे दुरुस्त करायचे कसे

फक्त तोंडाशी एक-दोन आटे दबले असतील तर १०-२४ चा टॅप रॉकेलचा किंवा कटिंग ऑइलचा थेंब लावून हाताने फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. पहिले दोन फेरे बोटांनीच, कारण जुन्या आट्यांची वाट टॅपला सापडायला हवी. तीन टॅपच्या संचातला शेवटचा टॅप बंद भोकाच्या तळापर्यंत जातो. जमलं तर पूर्वीपेक्षा दोन-तीन मिमी लांब स्क्रू वापरा, म्हणजे आतले न वापरलेले आटे कामाला येतात.

आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल. ही शंकरपाळ्यासारखा छेद असलेल्या स्टेनलेसच्या तारेची गुंडाळी असते. बाहेरून ती मोठ्या आट्यांत बसते आणि आतून पुन्हा मूळ १०-२४ चे आटे देते. १०-२४ साठी भोक ५.२ मिमी करायचं आणि संचासोबत येणाऱ्या एसटीआय टॅपने आटे पाडायचे. हा टॅप वेगळा असतो, साधा टॅप चालत नाही. कीस हवेने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. गुंडाळी दांड्यावर चढवून, खाली न दाबता नुसती फिरवत आत न्या. तिचं वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहिलं पाहिजे, नाहीतर साइटची पट्टी नीट टेकत नाही. तळाशी गुंडाळीची छोटी शेपटी असते, ती पंचच्या टोल्याने तोडून चिमट्याने काढा. लांबी व्यासाच्या दीडपट, म्हणजे ७.२ मिमी घ्या. ५/१६-२४ साठी भोक ८.३ मिमी.

तीन चुका नेहमी होतात. भोक खोल करताना बिटवर टेपची खूण नसते आणि बंद भोकाचा तळ फुटतो. टॅप तिरका शिरतो, कारण तो ड्रिल प्रेसच्या चकमध्ये न धरता मोकळ्या हाताने सुरू केलेला असतो (प्रेस फक्त सरळ धरण्यासाठी, मोटर बंद ठेवून चक हाताने फिरवायचा). आणि गुंडाळी एक फेरा उलटी फिरवली जाते, तेव्हा ती आट्यांतून उडी मारते. असं झालं तर ती काढून नवी घाला.

स्टॅबिलायझर आणि प्लंजरच्या भोकात पुष्कळ रायझरमध्ये वेगळा स्टीलचा बुश बसवलेला असतो. त्याचे आटे गेले तर हेलिकॉइलच्या भानगडीत न पडता कंपनीचा नवा बुश मागवून बदला. लाकडी रायझरमध्ये पितळी बुश दोन भागांच्या इपॉक्सीत बसवतात, आणि इपॉक्सी पूर्ण वाळायला चोवीस तास द्यावे लागतात.

ड्रिल कडेला पळून भोक लंबगोल झालं असेल तर हेलिकॉइल तिरकीच बसणार. अशा वेळी मिलिंग मशीनवर मूळ मध्य साधून भोक मोठं करायचं आणि लेथवर केलेला भरीव बुश घालायचा, बाहेरून एम-८ चे बारीक आटे, आतून १०-२४. हे टूलरूमचं काम आहे.

## मनात येणाऱ्या शंका

भोक मोठं केल्याने रायझर कमजोर होणार नाही का? १०-२४ ची हेलिकॉइल बसल्यावर आट्यांचा बाहेरचा व्यास ४.८ वरून साधारण ६.२ मिमी होतो. साइटच्या भोकाभोवती पुरेसा धातू असेल तर याने फरक पडत नाही, उलट स्टेनलेसचे आटे ॲल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतात. भोकाच्या कडेला धातू पातळ असेल किंवा भोक लिंब बसतो त्या जागेजवळ असेल तर काम थांबवून कंपनीला किंवा विक्रेत्याला फोटो पाठवा.

त्यापेक्षा सरळ एम-६ टाकला तर? साइटच्या पट्टीची भोकं १०-२४ साठी आहेत, तीही मोठी करावी लागतील. नवी साइट घेतली की पुन्हा तेच. आणि रायझर विकायला काढला तर घेणारा ते पाहून माघारी जातो.

एम-सील किंवा इपॉक्सी भरून त्यात आटे पाडले तर? क्लिकरसारख्या भार नसलेल्या स्क्रूला इपॉक्सी चालून जाईल. साइटला आणि स्टॅबिलायझरला नाही. हादरे खाऊन भरलेला भाग भुगा होतो. एम-सीलसारखी गळती बंद करायची पुटी तर यासाठी नाहीच.

वॉरंटीचं काय? रायझरमध्ये ड्रिल घातल्यावर वॉरंटीची आशा धरू नका. मुदत शिल्लक असेल तर स्क्राइबरपर्यंतच्या पायऱ्या स्वतः करा, त्यापुढे आधी विक्रेत्याशी बोला.

वर्कशॉपला काय सांगायचं? लिहूनच द्या: आटे १०-२४ यूएनसी (इंचातल्या जाड आट्यांचं मानक), रायझर ॲल्युमिनियम, स्क्रू स्टेनलेस, भोक बंद आहे की आरपार, खोली किती, गॅस किंवा वेल्डिंग लावायचं नाही, विचारल्याशिवाय भोक मोठं करायचं नाही. सोबत एक नवा १०-२४ स्क्रू द्या, म्हणजे काम झाल्यावर तो तुमच्यासमोर हाताने फिरवून पाहता येईल.

## नवा स्क्रू बसवताना

ॲल्युमिनियममध्ये निदान दीड व्यास, म्हणजे १०-२४ साठी सुमारे ७ मिमी स्क्रू आत गेला पाहिजे. साधारण सात फेरे. साइटच्या पट्टीखाली नंतर एखादी जादा प्लेट घातली जाते आणि स्क्रू जुनाच राहतो, मग तीन-चार आट्यांवरच सगळा भार येतो. प्लेटच्या जाडीइतका लांब स्क्रू घ्या, पण तो तळाला टेकत नाही ना हे आधी पट्टीशिवाय फिरवून पाहा.

निळा थ्रेडलॉकर एक थेंब, साफ केलेल्या कोरड्या आट्यांवर. तो फट भरतो, त्यामुळे ओलावाही कमी जातो. त्याच्यासोबत ग्रीस लावू नका, मग तो धरत नाही. आवळायचा जोर साधारण २ न्यूटन-मीटर, म्हणजे १० सेंमी लांब कीच्या टोकाला दोन किलो वजनाइतका. टॉर्क पाना नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू बोटांत धरा, जास्तीचा जोर लागूच शकत नाही. थ्रेडलॉकर वाळायला चोवीस तास द्या.

मग स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर जाईल अशी रंगाची बारीक रेघ ओढा. बाण मारायच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आणि पुढे दर सरावाआधी ती रेघ तुटली नाही ना, एवढं पाहायचं. रेघ सरकली असेल तर नुसतं आवळू नका. स्क्रू पूर्ण काढा, आट्यांत चीर किंवा वाक आहे का पाहा, आणि शंका आली तर तो स्क्रू टाकून नवा लावा.